शंभरीबाईंची बटणं

शंभरीबाईंची खुर्ची माझ्यामुळे गेली, हे आधीच सांगून टाकते. उगाच मागाहून दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको. सत्तावीस वर्षं ज्या खुर्चीवर बसून त्यांनी लोकांचं रक्त तपासलं, त्या खुर्चीवरून त्या एका दुपारी उठल्या त्या पुन्हा बसल्या नाहीत, आणि त्याला कारण मी. तरी बाई अजून मला महिन्यातून एकदा फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, किती घरं बघतेस? शंभर म्हटलं की मगच तब्येत विचारतात. हे घरांचं काय प्रकरण आहे ते येईलच पुढे.

परदेशी शिकायला चालले म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर थेट बर्फ आला. एका काकूंनी मला लोकरीचे हातमोजे विणून दिले. मी जात होते विषुववृत्ताच्या जवळ, जिथे बारा महिने घामाच्या धारा, पण काकूंना कोण सांगणार? घेतले मोजे. तिसऱ्या आठवड्यात ट्रंक उघडली तर मोज्यांवर हिरवी बुरशी. चपलांवर बुरशी, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, घड्याळाच्या पट्ट्यावर बुरशी. वाळत घातलेले कपडे तीन दिवसांनी काढले तरी दमट ते दमटच. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत मच्छरदाणीच्या आत पलंग, बाहेर टेबल आणि छताला एक पाल, जी मी फोनवर काही बोलले की चुकचुकायची. आईला मी सांगायचे, मजेत आहे गं. पाल चुकचुक करायची. फोन ठेवून मी रडायचे.

प्रयोगशाळेतही तीच कथा. लेन्सना बुरशी लागू नये म्हणून मायक्रोस्कोपच्या कपाटात कायम एक बल्ब जळत असायचा. अख्ख्या इमारतीत कोरडी जागा तेवढी एकच. माझ्याबरोबर शिकणाऱ्या लंबूने एकदा त्यात आपले पायमोजे वाळत घातले आणि लेन्स काढायला गेलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताला नेमके तेच लागले. टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये उभे, कारण काचेवरचा रक्ताचा थेंब वाळेपर्यंत मुंग्या तो चाटूनपुसून साफ करतात. पहिल्याच आठवड्यात मी वाट्या भरायला विसरले आणि माझ्या सहा काचा मुंग्यांनी खाल्ल्या. एक लहानखुरी बाई आली, वाकून वाट्या भरल्या आणि गेली. मला वाटलं, कामवाल्या मावशी असतील. त्या शंभरीबाई होत्या.

आम्ही शिकत होतो हिवताप ओळखायला. तापाचा माणूस येतो, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतात, तो रंगवतात, वर तेलाचा थेंब टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली हिवतापाचे जंतू शोधतात. एका वेळी काचेचा जेवढा गोल तुकडा नजरेत येतो, त्याला तिथे सगळे घर म्हणायचे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लिहिला होता: शंभर घरं पाहिल्याशिवाय 'काही नाही' लिहू नये. जंतू सापडला तर दुसऱ्या घरात थांबा, कोणी अडवत नाही. नाही म्हणायचं असेल तर मात्र शंभर.

नियम सगळ्यांना पाठ होता, आणि न चुकता पाळायच्या एकट्या बाई. म्हणून शंभरीबाई. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक, पायात रबरी चपला. याच प्रयोगशाळेत त्या लागल्या होत्या काचा धुवायला. मोरीपाशी उभ्या राहून वापरलेल्या काचा घासायच्या, आणि घासण्याआधी उजेडाकडे धरून बघायच्या. तेव्हाच्या तपासनीस बाईंनी एकदा विचारलं, काय बघतेस गं? या म्हणाल्या, यात काय असतं ते. तिथून सुरुवात. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण त्या टेबलावर.

त्यांचा नवरा शिंपी, शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायचा. त्याच्याकडची उरलीसुरली बटणं बाईंच्या टेबलावर एका डब्यात असायची. नव्याण्णव पांढरी, शर्टाची, आणि एक काळं, कोटाचं, चांगलं रुपयाएवढं. समोर डब्याची दोन झाकणं. एक घर बघून झालं की एक बटण डाव्या झाकणातून उजव्या झाकणात. काळं सगळ्यात शेवटी. काळं बटण उजवीकडे गेलं की बाई मान वर करायच्या, कागदावर लिहायच्या आणि बटणं परत डावीकडे ओतायच्या. दिवसभर तो टिक, टिक आवाज. मला तर सुरुवातीला त्याचा असा राग यायचा की बटणं उचलून खिडकीबाहेर भिरकावावीत.

कारण मी कोण? मी वर्गात पहिली येणारी. शिष्यवृत्तीवर आलेली. माझ्या नाकावर तर राग बसलेलाच असतो, आई म्हणते जन्मली तीच मुठी आवळून. बाई सकाळी बारा काचा बघायच्या तोवर माझ्या वीस व्हायच्या. मोजायचे मी मनातल्या मनात, म्हणजे अर्ध्या वेळा मोजतच नव्हते. लंबूने माझं नाव तुफान ठेवलं आणि मला वेडीला ते कौतुक वाटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ते माझ्याकडे बघूनच म्हटलं असणार.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी एक बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला दोन दिवस ताप. आई गिरणीत कामाला, तासाभराची सुट्टी काढून आलेली, सारखी दाराकडे बघत होती. मी काच लावली. चौतीस घरं पाहिली. चौतीस हा आकडा अगदी पक्का आठवतो, कारण नेमकी तेव्हा लंबूने जेवायला हाक मारली आणि मी 'काही नाही' लिहून उठले. मायलेकी तापाच्या साध्या गोळ्या घेऊन घरी गेल्या.

आम्हा विद्यार्थ्यांच्या 'काही नाही'वाल्या सगळ्या काचा बाई दुपारी पुन्हा बघायच्या. त्या दिवशी मी जेवून आले तर त्यांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "बघ." मी डोळा लावला. निळी, केसाएवढी बारीक अंगठी, वर लाल खडा. जंतूंमधला सर्वात वाईट तोच. शेजारच्या झाकणात एकाहत्तर बटणं पडलेली.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. मोठ्या डॉक्टरांना सांगून औषध बरोबर घेतलं, छत्री घेतली, मला म्हणाल्या चल. कागदावर पत्ता होता, गिरणीच्या मागे, निळा दरवाजा. डोक्यावर ऊन, रस्त्याचं डांबर चपलांना चिकटतंय, आणि ही काडीएवढी बाई अशी चालतेय की मी मागे धापा टाकतेय. गिरणीमागे निळे दरवाजे निघाले अकरा. गिरणीत रंग स्वस्तात मिळाला असेल, सगळ्यांनी तोच फासलेला. बाईंनी एकेक दार वाजवलं. मी म्हटलं, मी पलीकडून सुरुवात करते, तर म्हणाल्या, नको, एक दार दोनदा झालं तरी चालेल, एखादं राहायला नको. नवव्या दारामागे मुलगी सापडली. चटईवर पडलेली, अंग तव्यासारखं, आणि ती भिंतीशी बोलत होती. आईला काही सुचत नव्हतं. बाईंनी पोरीला उचललं, आणि आम्ही समोरून येणारी पहिली गाडी थांबवून दवाखाना गाठला.

पोर वाचली. चौथ्या दिवशी उठून बसली आणि केळं मागितलं. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मोठ्या डॉक्टरांनी मला एकटीला बसवून सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. माझं मला माहीत आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना मी बाईंना विचारलं होतं. माझ्या डोक्यात गोष्ट तयारच होती: बाईंचं स्वतःचं मूल, चुकलेली काच, म्हणून ही शंभरची शपथ. मी म्हटलं, "बाई, तुमच्या घरातलं कोणी गेलं होतं का असं?"

त्या थांबल्याच. छत्री बाजूला करून माझ्याकडे नीट बघितलं.

"नाही गं. कोणी नाही गेलं. का? नीट काम करायला आधी घरातलं कोणी मरावं लागतं का?"

एवढं बोलून चालायला लागल्या. मला कोणी तोंडात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. आजवर मला अनेक शहाण्या माणसांनी अनेक उपदेश केले, त्यातला एकही माझ्या ध्यानात नाही. हे एक वाक्य काही जात नाही.

प्रयोगशाळेत एक वही होती. चुकांची वही. पद्धत अशी की ज्याची चूक, त्याने ती स्वतःच्या हाताने लिहायची, खाली सही करायची. दुसऱ्याने लिहून चालत नाही. आणि ज्याने जंतू असलेली काच 'काही नाही' म्हणून सोडली, त्याने खुर्ची सोडायची आणि पुन्हा परीक्षा देऊन पास होईपर्यंत मोरीवर काचा धुवायच्या. मग तो कोणी का असेना. मी लिहिलं, चौतीस घरं पाहून थांबले. सही करताना राग येत होता, खोटं कशाला बोलू, बाईंचाच राग येत होता. पुढचा महिनाभर मी काचा घासल्या. बाई येता-जाता फक्त एवढंच म्हणायच्या, कडा पण घास, कडेला रंग राहतो. परीक्षा पास झाले त्या दिवशी माझ्या टेबलावर एक डबा होता. नव्याण्णव पांढरी आणि एक काळं. त्यांच्या नवऱ्याने बसून निवडली होती.

त्यानंतर माझीही टिक, टिक सुरू झाली. लंबू म्हणाला, तुफानाची बैलगाडी झाली. होऊ दे. डोळ्यात तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं, तेल काचेवर असलं तरी.

दुसऱ्या वर्षी तापाची साथ मोठी आली. दवाखान्याबाहेर सकाळपासून रांगा. दोन तपासनीस होत्या, त्यातली एक बाळंतपणासाठी गेलेली. सगळा भार बाईंवर आणि आम्हा विद्यार्थ्यांवर. त्याच दिवसांत मी बघत होते, बाई मायक्रोस्कोपचा दिवा मोठा करतात. डोळे चोळतात. भिंग पुसतात, पुन्हा पुसतात, साफ असलं तरी. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून दोनदा सांगितलं होतं. बाईंचं म्हणणं, साथ ओसरली की जाते, आत्ता मी गेले तर रांगेचं काय? त्यांना निवृत्त व्हायला पाच महिने उरले होते. पाच महिने खुर्चीवर काढायचे आणि मान ताठ ठेवून घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्ता वहीत नाव चढलं तर या डोळ्यांनी पुन्हा परीक्षा कुठून देणार? जी बाई मोरीवरून खुर्चीवर आली ती परत मोरीवर जाणार, हेही सगळ्यांना माहीत होतं.

आणि अशा वेळी एका सोमवारी त्या मला म्हणतात, माझ्या 'काही नाही'वाल्या काचा आजपासून तू बघत जा.

मी? तुमच्या? मी चाचरतच विचारलं. मग कोण, लंबू? त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांचा मला आता भरवसा नाही, तुझ्या बटणांचा आहे. त्यांनी मलाच का निवडलं ते मी विचारलं नाही. वहीत माझी सही होती, म्हणूनच असावं.

रोज दुपारी त्या चहाला जायच्या आणि मी त्यांच्या खुर्चीवर, त्यांच्या बटणांवर, त्यांच्या काचा बघायचे. खरं सांगते, काचेत काही सापडू नये म्हणून मी मनात हात जोडायचे. काम काय, तर शोधायचं, आणि मागणं काय, तर सापडू नये. अठरा दिवस काही सापडलं नाही. बाईंचं काम त्या डोळ्यांनीही इतकं चोख होतं. अठरा दिवस माझी छाती फुगत गेली, जणू ते माझंच कर्तृत्व.

एकोणिसाव्या दिवशी एका होडीवाल्याची काच होती. बासष्टावं बटण टाकता टाकता अंगठी दिसली. निळी, लाल खडा. मी डोळा काढला, पुन्हा लावला. वाटलं रंगाचा कण असेल. भिंग फिरवलं, हलवलं, अंगठी ती अंगठीच. शेजारी आणखी एक.

आधी धावत खाली गेले. नशीब, होडीवाला अजून गोळ्यांच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता, पुढच्या माणसाशी भांडत. त्याला आत नेलं, डॉक्टरांच्या हवाली केलं, औषध सुरू झालं. त्याचं काही बिघडणार नव्हतं. म्हणजे माणूस वाचला होता, उरली होती फक्त वही. जिना चढताना माझं ठरलं. ज्या बाईने माझ्या चुकीपायी उन्हातून दारं वाजवली, तिला पाच महिन्यांसाठी मी मोरीवर पाठवू? मुळीच नाही.

वर आले तर बाई चहा संपवून टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, किंवा जिन्यावरच्या पावलांवरून.

"सापडलं?"

मी म्हटलं, हो, होडीवाल्याच्या काचेत, औषध चालू केलंय.

"कितव्या घरात?"

"एकशे चार," मी म्हटलं. "शंभराच्या पुढे गेले होते, सहज. म्हणजे तुमची चूक नाही बाई. नियमात शंभरच आहेत."

पडताळून बघायला नको म्हणून मी लगेच काच उचलली. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण निदान या वेळी चांगल्या कामासाठी, असं मला वाटलं. बाईंनी हात पुढे केला, टेबलावर चाचपत डावं झाकण शोधलं आणि त्यात बोटं घातली. बोटांना सापडलं ते काळं बटण. कोटाचं, रुपयाएवढं. शंभर झाल्यावर उजवीकडे जायचं ते अजून डावीकडेच होतं. धावत खाली जाताना बटणं मी तशीच सोडून गेले होते.

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि उजव्या झाकणातली बटणं एकेक करून मोजली. टिक, टिक. मी मध्ये बोलायला गेले तर हात वर केला. मोजून झाल्यावर म्हणाल्या, बासष्ट.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, राहू द्या ना बाई, कोणाचं काही बिघडलं नाही, पाच महिने तर राहिलेत, कोणाला कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. वही ओढली, पेन घेतलं. पण ओळ दिसेना. म्हणाल्या, कोरी ओळ कुठे आहे तिथे बोट ठेव. मी बोट ठेवलं. माझ्या बोटाला धरून त्यांनी सावकाश लिहिलं, होडीवाल्याची काच, शंभर घरं पाहिली, बासष्टाव्यातला जंतू दिसला नाही. सही केली. सत्तावीस वर्षांत त्या वहीत त्यांची ती पहिली सही.

मला वाटलं संपलं. मी वही मिटायला गेले, तर त्यांनी पानावर हात ठेवला आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"आता तुझी लिही."

मला आधी कळेना. मग कळलं, आणि कान तापले. त्यांच्या ओळीखाली मी लिहिलं, बासष्टाव्या घरात दिसलेलं एकशे चाराव्यात दिसलं असं सांगितलं. सही केली. वाच, त्या म्हणाल्या. मी मोठ्याने वाचलं. मोठे डॉक्टर दारात येऊन उभे होते, लंबू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"तुझी चूक मोठी आहे," बाई म्हणाल्या. "माझी डोळ्यांची आहे."

मग त्या उठल्या. टेबलावरचा दिवा बंद केला, काळं बटण उचलून माझ्या हातात दिलं, मोरीपाशी जाऊन खुंटीवरचा रबरी एप्रन गळ्यात अडकवला आणि नळ सोडला. तोवर मीही तिथे जाऊन उभी राहिले होते, कारण नियम सगळ्यांना सारखा, असं मी धरून चालले होते. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. म्हणाल्या, तुझी काच चुकलेली नाही, तू तिकडे बस, माझ्या अकरा काचा बघायच्या राहिल्यात.

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. अकरा काचा, प्रत्येकी शंभर घरं. मागे नळाचं पाणी वाहत होतं आणि बाई काचांच्या कडा घासत होत्या.